तू त्याला अस्वल म्हणालास, मनोहर

मनोहर, तुझ्या तेरवीला, तेराव्या दिवशी जमणाऱ्या लोकांपुढे, मी बोलावे, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. काल तुझा वैभव अमरावतीला माझ्या घरी आला होता. अकोल्याहून मोटारसायकलने आला, दोन पेले पाणी प्यायला, थेट तुझ्यासारखे पाय पसरून बसला आणि त्याने फोन माझ्या हातात दिला. "काका, बाबाच्या आवाजाचे तुकडे लावाचे हायेत तेरवीले. तुमी निवडून द्या. अन् शेवटी हे लावू. लोकं याच्यावर लय हासतात." 'हे' म्हणजे काय ते मला फोन सुरू होण्यापूर्वीच कळले. अर्ध्या मिनिटाची ती चित्रफीत आहे. कबड्डीच्या मैदानात एक सावळा, उंच मुलगा चढाई करताना मधेच थांबतो, भोंग्यातून तुझा आवाज येतो, "बापा रे! अस्वल बोलते!" आणि लोक हसत सुटतात.

मी वैभवला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. चहा घेऊन तो गेला. तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतो आहे. तुझ्याबद्दल चांगले बोलायची माझी इच्छा आहे, आणि बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण या एका गोष्टीला वळसा घालून मला पुढे जाता येत नाही. आपले हे भांडण दोन वर्षे चालले होते आणि ते मिटायच्या आधी तू निघून गेलास. आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागते, आणि तुझ्या बाजूने बोलताना मी अजूनही हरतो. दुःख आहेच, मनोहर. पण खरे सांगायचे तर आधी राग आहे.

वऱ्हाडात कबड्डीचा सामना नुसता पाहायचा नसतो, ऐकायचाही असतो, हे लोकांना तुझ्यामुळे कळले. मैदानाच्या कडेला एक टेबल, त्यावर तुझा माइक, बांबूला बांधलेले दोन भोंगे, आणि त्या भोंग्यांतून साऱ्या गावावर पसरणारा तुझा आवाज. तो आवाज तू कुठे शिकायला गेला नव्हतास. अकोल्याच्या जुन्या शहरात, वडिलांच्या भाजीच्या गाळ्यावर उभा राहून वांग्या-कोबीचा पुकारा करता करता तो कमावलेला होता. म्हणून तर तुझ्या तोंडी खेळाडूंना भाजीची नावे असत. सडपातळ पोराला तू शेवग्याची शेंग म्हणायचास, कोपऱ्यात पाय रोवून बसणाऱ्या जाड्या पकडपटूला कोहळे, आणि बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीतून येणाऱ्या त्या चपळ मुलाला फास्ट पॅसेंजर. तू नाव दिलेस की तो मुलगा खेळाडू झाला असे समजले जाई. नवी पोरे सामन्याआधी तुला चहा पाजत आणि लाजत विचारत, "भाऊ, माह्यासाठी काही सुचलं का?" मी त्याच मैदानात पंच म्हणून उभा असे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कधीच पोचला नाही, म्हणून तू मला 'मुका पंच' म्हणायचास. लोक हसत, मीही हसत असे. तुझ्या नावांमध्ये माया असते, असे मी तेव्हा मनापासून मानत होतो. आणि पुष्कळ नावांमध्ये ती होतीच.

माझी पत्नी शस्त्रक्रियेसाठी अकोल्याच्या दवाखान्यात होती, ते दिवस मी विसरलेलो नाही. मंडी आटोपली की तू डबा घेऊन यायचास. तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसून, हळू आवाजात, वॉर्डातल्या सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे समालोचन करायचास. "आता आल्या आहेत मोठ्या सिस्टर, डाव्या बाजूनं चढाई, हाती इंजेक्शन, पेशंट मागं सरकून राहिला..." टाके दुखतात म्हणून ती पोट धरून हसायची आणि तुला शिव्या द्यायची. भूल उतरल्यावर ती पहिल्यांदा हसली, ती तुझ्यामुळे. त्याचे ऋण मी कसे फेडणार होतो? आणि ते फेडले नाही, म्हणूनच तर पुढे गप्प बसलो का, हे मी स्वतःला अलीकडे फार विचारतो.

तुझा स्वतःचा रंग काळा होता. त्यावर सगळ्यांत जास्त विनोद तूच करायचास. मैदानातली वीज गेली की माइकची बॅटरी चालू असे, आणि अंधारातून तुझा आवाज येई, "घाबरू नका मंडळी, मी इथंच हाय, दात दाखवून राहिलो!" पण एकदा बडनेरा स्टेशनच्या बाकावर गाडीची वाट पाहताना तू मला एक गोष्ट सांगितली होतीस. मुलगी पाहायला गेला होतास, आणि तुला ऐकू जाईल अशा बेताने मुलीची आजी आत म्हणाली होती, "पोट्टं बरं हाय, पण घरात दिवा लावूनच ठेवा लागन." हे सांगून तू मोठ्याने हसलास. मग हातातला चहा तसाच गार होऊ दिलास आणि गाडी येईपर्यंत दुसरे काही बोलला नाहीस. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू गप्प बसल्याचे मला तेवढेच आठवते.

राजेश कासदेकर तुझ्या माइकपुढे आला तो दोन वर्षांपूर्वी, अकोल्याच्या स्पर्धेत. धारणीच्या पलीकडच्या एका कोरकू आदिवासी गावातला मुलगा, त्याचा संघ पहिल्यांदाच एवढ्या दूर खेळायला आलेला. पहिल्या दिवशी त्याने एकट्याने तीन-चार जणांना ओढत मध्यरेषेपर्यंत आणले आणि तू खुर्चीवरून उठून उभा राहिलास. तुला तो मनापासून आवडला होता, हे मी शपथेवर सांगेन. आणि त्या आनंदाच्या भरात तू म्हणालास, "आलं, आलं, मेळघाटातलं अस्वल आलं! मोहाची फुलं खाऊन आलं, सांभाळा रे!"

इतरांना तू भाजीची नावे दिलीस, गाड्यांची दिलीस. त्याला मात्र त्याच्या कातडीवरून आणि जंगलावरून नाव दिलेस. हा फरक तुझ्या लक्षात आला नाही. माझ्या आला. पण मी तो मनातच ठेवला.

लोकांनी ते नाव उचलले. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या डमरूसारख्या वाजू लागल्या. राजेश चढाईला निघाला की "नाच रे, नाच!" असा गिल्ला होई. दुसऱ्या दिवशी कोणीतरी दोरी आणली होती, नाकात वेसण घालायची खूण करून तो ती हवेत फिरवत होता, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली चांगल्या घरची माणसे मोबाइलवर त्याचे चित्रण करत होती. मैदानातून भुईमुगाच्या शेंगांची टरफले वेचून टाकायला मला दोनदा खेळ थांबवावा लागला. टरफलांसाठी मी खेळ थांबवला, मनोहर. हे मी आता लिहितो आहे तेव्हा मला कळते आहे.

उपांत्य सामन्यात गुण बरोबरीच्या आसपास होते. राजेश चढाईला गेला, समोरचा संघ मागे सरकला, आणि तू म्हणालास, "आता पाहा, अस्वल मागच्या पायावर उभं राह्यते का!" तो खरोखरच उभा राहिला. ताठ. हात खाली सोडले. त्याच्या तोंडचे 'कबड्डी, कबड्डी' थांबले. तो तुझ्या टेबलाकडे वळला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "भाऊ, माहं नाव राजेश हाय. राजेश कासदेकर. थे घ्या."

तेव्हा तू ते म्हणालास. "बापा रे! अस्वल बोलते!"

आणि मी शिट्टी वाजवली.

चढाई करणाऱ्याने दम घुमवतच राहिले पाहिजे. 'कबड्डी'चा उच्चार तुटला की तो बाद, प्रतिस्पर्ध्याला गुण. हा नियम मी वर्षानुवर्षे पोरांना शिकवला. माझ्या कानाने दम तुटलेला ऐकला आणि हाताने शिट्टी तोंडाला लावली. त्या दोहोंच्या मध्ये मी स्वतः कुठे होतो, ते मला अजून सापडलेले नाही. हजारभर लोकांसमोर एका माणसाने आपले नाव सांगितले, आणि त्या गुन्ह्यासाठी मी त्याला बाद ठरवले. धारणीचा संघ त्याच एका गुणाने हरला असे म्हणता येणार नाही. पण हरला.

संध्याकाळी तू मला अकोल्याच्या बसस्थानकावर सोडायला आलास.

"मास्तर, तोंड कावून पाडलं?"

"त्याने स्वतःचं नाव सांगितलं, मनोहर."

"अन् म्या त्याले नाव देलं. फुकट देलं. इथं पोट्टे चहा पाजून मांगतात."

"तुला कोणी तसं म्हटलं असतं तर?"

"मले?" तू हसलास. "मले म्हणतच आले बाप्पा जन्मभर. माही माय मले कायूच म्हणे. मेलो का मी? लोकाईनं म्हटलं त आपण त्याइच्यापेक्षा मोठ्यानं हासाचं. झालं. तुले हे नाही समजणार, तू गोरा हायेस."

याचे उत्तर मला मूर्तिजापूर गेल्यावर बसमध्ये सुचले. माझी उत्तरे नेहमी अशीच पुढच्या गावी सुचतात. मला म्हणायचे होते, तुझी आई तुला कायू, म्हणजे काळू, म्हणायची ती ताट वाढताना. तिच्या हातात दोरी नव्हती. आणि तू त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायला शिकलास, ती तुझी हिंमत होती की तुला झालेली जखम होती, हे तू तरी कधी नीट पाहिलेस का? पण दुसऱ्या दिवशी फोनवर तू वेगळ्याच विषयावर बोलत होतास आणि मी ते बोललो नाही.

मी गोरा आहे, हे तुझे म्हणणे खरे होते, आणि ते तू मला वारंवार ऐकवलेस. माझ्या पुतणीचा लग्नाचा बायोडाटा माझे अक्षर चांगले म्हणून मी लिहिला, आणि 'सावळा' या शब्दाच्या जागी 'गव्हाळ' मी माझ्या हाताने लिहिले. तू तो पाहून म्हणाला होतास, "पोरगी त मस्त सावळी हाय मास्तर, हे गहू कुठून आणले?" तेव्हा मी ओशाळून हसलो. आमच्या कॉलेजात ईशान्येकडची एक मुलगी शारीरिक शिक्षण शिकायला होती. रस्त्यात टेम्पोवाली पोरे तिच्या डोळ्यांवरून तिला काय ओरडतात, त्या शब्दाचा अर्थ तिने एकदा वर्ग संपल्यावर मला विचारला. मी म्हणालो, "काही नाही बेटा, पोरं मस्करी करतात." ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. अर्थ तिला ठाऊक होता. मी काय म्हणतो तेवढे तिला पाहायचे होते. म्हणजे तू माइकवर जे मोठ्याने करायचास, ते मी घरी आणि वर्गात हळू आवाजात करत होतो. हे तुला मी कबूल केले असते, मनोहर. तू फक्त तुझी बाजू कबूल करायची होतीस.

धारणीच्या प्रशिक्षकांनी स्पर्धेच्या समितीकडे तक्रार केली. समालोचकाने अपमानकारक शब्द वापरले काय, असे मला लेखी विचारण्यात आले. मी लिहिले, 'प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे समालोचनातील शब्द स्पष्टपणे ऐकू आले नाहीत.' वाक्य निर्दोष होते. तुला तोंडी समज देण्यात आली. चढाई अर्धवट सोडून समालोचकाशी बोलल्याबद्दल राजेशलाही समज देण्यात आली. दोघांना सारखीच. समितीला वाटले, न्याय झाला.

त्याच सुमारास कोणीतरी त्या क्षणाची अर्ध्या मिनिटाची फीत करून सोडली आणि ती फोनाफोनांतून सगळ्या वऱ्हाडात गेली. तू खूश होतास. पानाच्या ठेल्यावर अनोळखी माणसे तुला "अस्वल बोलते!" म्हणून हाक मारत, आणि तू हात वर करत असायचास. राजेश कुठे आहे, हे आपल्यापैकी कोणी विचारले नाही.

मला तो मागच्या हिवाळ्यात भेटला. शाळांच्या सामन्यांसाठी पंच म्हणून मी धारणीकडे एका आश्रमशाळेत गेलो होतो. मैदानात एक माणूस वाकून चुन्याने रेषा आखत होता. त्याने वर पाहिले.

"सर, ओळखलं का?"

"राजेश."

"हां. नाव याद हाय तुम्हाले." तो हसला नाही. हात धुऊन त्याने माझ्यासाठी चहा आणला. मी सुरुवात केली, की त्या दिवशी मनोहरने जे केले ते... त्याने मला मधेच थांबवले. "त्यो त बोलणाराच हाय सर. बोलणं त्याचा धंदा. पब्लिक भी बोलते. बसमधी कंडक्टर बोलते, बाजारात दुकानदार बोलते, आदत हाय मले. पण मी तुमच्याकडं पाहून राहिलो होतो. वाटलं, सर खेळ थांबवतीन. तुमी त मले औट देलं."

"नियम तसा आहे, राजेश. दम सुटला की..."

"माह्या छातीत दम लय होता सर," तो म्हणाला. "मी मुद्दाम थांबलो होतो. थे तुमाले बी समजलं होतं."

मग त्याने त्याच्या धाकट्या भावाबद्दल सांगितले. भाऊ अमरावतीला वसतिगृहात राहून शिकत होता. ती फीत तिथे पोचली. मुलांना तो कोणाचा भाऊ ते कळले. जेवणाच्या रांगेत तो उभा राहिला की मागची मुले ताटांवर डमरू वाजवत. दिवाळीच्या सुटीत घरी आला तो परत गेलाच नाही. आता परतवाड्याला टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. "खेळाचं काय सर, खेळ म्याच सोडला. पण तो त खेळत बी नव्हता. त्याचं त काही देणं-घेणं नव्हतं." एवढे बोलून तो उठला आणि उरलेली रेषा आखायला गेला.

मी तिथून परस्पर अकोल्याला आलो, तुझ्या गाळ्यावर. तू हिरव्या मिरचीची पोती उतरवून घेत होतास. मी सगळे सांगितले. तुझा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"मले कावून सांगून राहिला? ताटं म्या वाजोली का?"

"डमरू कुठून आला, मनोहर?"

"हे पाहा मास्तर, तू कमिटीत मले वाचोलं अन् आता मले धुऊन राहिला. एक काहीतरी कर बाप्पा."

हे मात्र तू बरोबर बोललास, आणि मला तिथून निघून जावेसे वाटले. पण तू मला स्टुलावर बसवलेस. पोती संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसलास, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालास, "लहान भाऊ शाळा सोडून गेला म्हणतं?"

"हो."

"कोणत्या वर्गात होता?"

"दहावीत."

"च्यामायले," तू म्हणालास. थोड्या वेळाने म्हणालास, "जाऊ एखाद दिवशी धारणीले. मंडी बंद असली का जाऊ. बोलतो मी त्याच्याशी. मले बोलता येते."

त्या दिवसापासून मी तुझ्या मागे लागलो. तुला आठवतात ना तुझी कारणे? कांद्याची आवक फार होती. मग पाहुण्यांकडे लग्न होते. मग गुडघा दुखत होता. एकदा तू चक्क अमरावतीपर्यंत आलास. आपण सकाळी जेवलो, गाडी बाहेर उभी होती. तू म्हणालास, "पाच मिनिटं आडवा होतो," आणि दुपारी उठल्यावर म्हणालास, "आता कुठं जातं, धारणीचा रस्ता लय खराब हाय, माही कंबर जाईन." मी तुला हाताला धरून गाडीत बसवायला हवे होते. मी म्हणालो, "बरं, पुढच्या वेळी." जन्मभर मी सगळ्यांना हेच म्हणत आलो आहे. माझ्या सौजन्याची मला आता शिसारी येते.

आणि शेवटची भेट. छातीत दुखले म्हणून तुला भरती केले होते, नळ्या लावल्या होत्या, पण तुझे तोंड चालू होते. मी ठरवून आलो होतो, की आज विचारायचेच. निदान फोनवर तरी बोल त्याच्याशी, मी लावून देतो. तुझ्या नाकातली नळी पाहिली आणि वाटले, आजारी माणसाला काय त्रास द्यायचा. आपण टोमॅटोच्या भावावर बोललो. तू म्हणालास यंदा भाव नाही, मी म्हणालो हो ना. डॉक्टर म्हणाले होते, चार दिवसांत घरी जाल. तू दोन दिवसांत गेलास, पण घरी नाही. तुझ्याशी बोललेले माझे शेवटचे वाक्य टोमॅटोबद्दल आहे.

काल वैभव गेल्यावर मी राजेशला फोन केला. तू गेल्याचे सांगितले. तो "अरे," म्हणाला. मग विचारले, "घरी कोण कोण हाय त्याइच्या?" मी सांगितले. त्याने तुझ्या बायकोचे विचारले, वैभव काय करतो ते विचारले. मग मी त्याला त्या फितीचे सांगितले, की तेरवीला ती लावणार आहेत, आणि त्याला काय वाटते ते विचारले.



"सर, हे बी माह्यावरच टाकता का तुमी?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "नका लावू म्हणलं त लोकं म्हणतीन, पाहा, मेलेल्या माणसावर राग धरला. लावा म्हणलं त मीच हो म्हणलो असं होईन. मी काय सांगू?"

मी क्षमा मागितली. ती माझी होती की तुझी, ते मलाच कळले नाही. तुझी क्षमा मी कशी मागणार, मनोहर? ती तुलाच मागायची होती. मला फक्त तुला तिथवर न्यायचे होते, आणि तेवढेही मला जमले नाही.

फोन ठेवताना तो म्हणाला, "लावाचंच असलं त पुरं लावा. मोबाइलमधी जे येते थे अर्धं हाय. मी थांबतो, त्यो बोलते, लोकं हासते, बंद. म्या माहं नाव सांगितलं थे कोणीतरी कापून टाकलं. अन् तुमची शिट्टी बी नाही त्यात."

माझी शिट्टी त्यात नाही. दोन वर्षे ती फीत गावोगाव फिरली, आणि प्रत्येक वेळी तू एकटा तिच्यात सापडलास. मी बाहेर राहिलो, सभ्य. तुझ्यावर रागावताना मी त्या आडोशाला उभा होतो, आणि हे मला त्याने फोनवर सांगावे लागले.

मी लगेच वैभवला विचारले. पूर्ण सामन्याचे चित्रण त्याच्या संगणकात होते. त्याने ते पाठवले. ऐकून मी त्याला सांगितले, की तेरवीला लावायचे तर एवढे सगळे लावायचे, राजेशच्या नावासकट आणि माझ्या शिट्टीसकट, आणि त्यानंतर मी बोलेन. समितीला मी काय लिहून दिले होते तेही सांगेन. "काका, आईसमोर? बाबाची तेरवी हाय थे. लोकं बाबाले नावं ठेवतीन. अन् तुमाले बी." मी म्हणालो, हो, मलाही. "सांगतो," तो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही. नाही लावले तर मी ते तोंडाने सांगणार आहे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून दोनदा सांगेन. तुझ्या घरचे मला पुन्हा दारात उभे करणार नाहीत, असेही होऊ शकेल. त्याची मला भीती वाटते. तुझ्या गाळ्यावरच्या स्टुलाइतकी हक्काची जागा मला दुसरी नव्हती.

पण एक गोष्ट मी वैभवला बोललो नाही. त्या चित्रणात माझ्या शिट्टीनंतर तुझा आवाज येत नाही. लोक हसतात, बाटल्या वाजतात, राजेश मैदानाबाहेर जातो, आणि भोंगा नुसता घरघरत राहतो. गुण लिहिणारा मुलगा तुला म्हणतो, "भाऊ, बोला ना." तरी तू बोलत नाहीस. पुढची चढाई सुरू होऊन संपते, मैदानात एकाची पकड होते, आणि त्यावरही तू एक शब्द काढत नाहीस. मग केव्हातरी तुझा आवाज पुन्हा येतो, पहिल्यासारखाच. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होतो आणि मला यातले काही आठवत नाही. मी हात वर करून समोरच्या संघाचा गुण दाखवत होतो. पडद्यावर तुझी पाठ तेवढी दिसते. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले. तू पाणी पीत होतास का? कोणाशी बोलत होतास? की काही झाले होते तुला? "पाणीच पेत होतो बे," असे तू म्हणाला असतास तरी मी मान्य केले असते, मनोहर. तेवढे सांगायला तरी थांबायचे होतेस.